एकच वड, दोन शिक्के

पत्र:

ताई, मी साठी ओलांडलेली, निवृत्त मराठी शिक्षिका. तालुक्याच्या गावी राहते. घरातली थोरली सून मी, त्यामुळे गणपती आमच्याकडे असतो. दीर, जावा, पोरं मिळून वीस-बावीस पानं उठतात. गावच्या रस्त्याचं रुंदीकरण निघालंय आणि त्यात वेशीजवळचा जुना वड जाणार आहे. गेल्या गणपतीत जेवताना पुण्याहून आलेला पुतण्या म्हणाला, “तो वड तोडू नये.” धाकटे दीर म्हणाले, “पुण्याला जाऊन अर्बन नक्षल झालास.” तो म्हणाला, “काका, तुम्ही अंधभक्त आहात.” मोदक पानात टाकून पोरगा उठला. यंदा येत नाही म्हणतो. मी मध्ये एवढंच म्हटलं होतं की वड वाचला तर बरं. तर दीर म्हणाले, “वहिनी, तुम्हीसुद्धा त्यांच्यातल्याच!” आणि ऐका, याच वडाला मी पस्तीस वर्षं वटपौर्णिमेला सूत गुंडाळते म्हणून लेकीच्या एका मैत्रिणीनं मला मनुवादी ठरवलंय. लेक विचारते, “आई, तू नक्की डावी की उजवी?” मला उत्तर आलं नाही. यंदा ‘जेवताना राजकारण काढायचं नाही’ असा नियम करू का? की पुतण्याशिवायच गणपती बसवू?

– एक वहिनी

वहिनी,

(सही तुम्हीच अशी केलीत, म्हणून मीही तेच म्हणते.)

पुतण्याशिवाय गणपती बसवू नका आणि तो नियमही करू नका. नियम पहिल्या वरणभातापर्यंत टिकेल, ताक येईपर्यंत मोडेल. शिवाय गेल्या वर्षी तुमच्या पंगतीत राजकारण निघालंच कुठे होतं? कुणी पक्षाचं नाव घेतलं नाही, निवडणूक काढली नाही. विषय होता एक झाड आणि एक रस्ता. ते बंद करायचे तर कांद्याचा भाव, नळाचं पाणी, एसटी, पोरांच्या परीक्षा हे सगळंच बंद करावं लागेल. मग उरतात गुडघे आणि सोन्याचा दर. त्यातही सोन्याच्या दरावर कोण कधी घसरेल सांगता येत नाही.

तुम्ही मराठी शिकवलंत, म्हणून तुमच्याच भाषेत बोलते. पुतण्याचं पहिलं वाक्य आठवा. “तो वड तोडू नये.” त्यात क्रियापद होतं. ते पटेल किंवा पटणार नाही, पण त्याला उत्तर देता येतं. का तोडू नये? मग रस्ता कुठून न्यायचा? अपघात होतात त्याचं काय? भाऊजींनी उत्तर दिलं ते नामानं. ‘नक्षल’. नामाला काय उत्तर देणार? त्याला दुसरं नामच लावावं लागतं, ते पोरानं लावलं. तिथून पुढे वडाबद्दल कुणी एक शब्द बोललं नसेल, पैजेवर सांगते. दोन वाक्यांत झाड गायब झालं आणि मागे उरले एकमेकांना नावं ठेवणारे दोन पुरुष. रस्ताही तिथंच राहिला आणि वडही.

नामाचा सोयीस्करपणा असा की समोरच्याचं वाक्य मग ऐकावं लागत नाही. ‘नक्षल’ म्हटलं की झाडाबद्दल विचार करायची गरज संपली. ‘अंधभक्त’ म्हटलं की रुंद रस्ता भाऊजींना का हवा, हे विचारायची गरज संपली. कदाचित त्या अरुंद वळणावर त्यांच्या ओळखीचं कुणी गेलं असेल. तुम्हाला माहीत आहे का? पुतण्याला माहीत आहे का?

आता कुणी म्हणेल, मग शिक्केच नकोत. तसंही मला वाटत नाही. नावं लागतात. नाव दिल्याशिवाय मतभेद दिसत नाहीत, आणि आपल्या मराठी मुलखात तर ही नावं ठेवण्याची परंपरा जुनी आणि समृद्ध आहे. सनातन्यांनी ‘सुधारक’ हा शब्द शिवीसारखा वापरला तेव्हा आगरकरांनी तो टाळला नाही. १८८८ साली वर्तमानपत्र काढलं त्याचं नावच ‘सुधारक’ ठेवलं, आणि ब्रीद घेतलं, ‘इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार’. बघा, दोन्ही क्रियापदं. नुसतं नाम मिरवून ते थांबले नाहीत. त्याबद्दल पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा निघाली, तेही खरं.

दुसरी जोडी जहाल आणि मवाळ. शाळेत तुम्ही ती शिकवली असेल, निदान इतिहासाच्या बाईंनी शिकवताना शेजारच्या वर्गातून ऐकली असेल. या शब्दांना निश्चित अर्थ होता. इंग्रजांकडून हक्क मिळवायचे ते अर्जविनंत्यांनी की बहिष्कारानं, असा खरा, धडधडीत मतभेद त्यामागे होता. पण १९०७ च्या जानेवारीत कोलकात्यात भाषण करताना खुद्द टिळकांनी या शब्दांची जी चिरफाड केली, ती मला आजही कुठल्याही टीव्ही चर्चेपेक्षा सरस वाटते. ते म्हणाले त्याचा आशय असा: हे दोन शब्द नवे आहेत आणि ते काळाशी बांधलेले आहेत; आजचे जहाल उद्या मवाळ ठरतील, जसे आजचे मवाळ काल जहाल होते. काँग्रेस सुरू झाली तेव्हा दादाभाई नौरोजींच्या मतांनाच लोक जहाल म्हणत, याची त्यांनी आठवण करून दिली. म्हणजे ज्याच्या कपाळावर ‘जहाल’ हा शिक्का सर्वांत ठळक होता, तोच माणूस सांगत होता की हा शिक्का माझा नाही, तो या वर्षाचा आहे.

एवढी समज असूनही त्याच वर्षाच्या डिसेंबरात सुरतेच्या अधिवेशनात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. खुर्च्या उडाल्या, मंचावर मराठी वळणाचा जोडा आला, तो सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता यांना लागला, काँग्रेस फुटली ती १९१६ पर्यंत. तेव्हा तुमच्या पंगतीत नुसता मोदक सुटला, यावर समाधान माना! पण त्याच गोष्टीचा पुढचा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. १९१५ च्या फेब्रुवारीत मवाळांचे नेते गोपाळ कृष्ण गोखले गेले, तेव्हा टिळक सिंहगडावर होते. खाली उतरून ते स्मशानात आले आणि आयुष्यभराच्या विरोधकाला भारताचा हिरा, महाराष्ट्राचं रत्न म्हणाले. गोखल्यांच्या राजकारणाशी त्यांचं तेव्हाही पटत नव्हतं. माणसाचं आणि मताचं खातं त्यांनी वेगळं ठेवलं.

आणि हेच जहाल टिळक १८९१ च्या संमतिवयाच्या वादात मुलींच्या संमतीचं वय वाढवणाऱ्या कायद्याच्या विरोधात उभे होते, तर राजकारणातले ‘मवाळ’ सामाजिक बाबतीत त्यांच्या कितीतरी पुढे. मग टिळक पुरोगामी की प्रतिगामी? ज्या प्रश्नाबद्दल विचाराल त्यावर उत्तर बदलतं. एका माणसाला एकच शब्द पुरत नाही, हे आपल्याकडे सव्वाशे वर्षांपूर्वीच सिद्ध झालंय.

आता भाऊजी आणि पुतण्याकडे येते, कारण इथे मला थोडं परखड बोलायचंय. दोघांनी एकमेकांना शिक्के मारले म्हणून फिटंफाट झाली असं मी म्हणणार नाही. दोन शब्दांचं वजन सारखं नाही. ‘अंधभक्त’ म्हणजे तुमची बुद्धी गहाण पडली आहे. हा अपमान आहे आणि ज्या काकानं कदाचित सायकल शिकवली असेल त्याला तो म्हणणं लागतंच. ‘नक्षल’ म्हणजे मात्र गुन्हेगार. त्या शब्दामागे बंदुका आहेत, पोलीस आहेत, कायदे आहेत. २०२५ च्या जुलैत आपल्या विधिमंडळात जनसुरक्षा विधेयक मंजूर झालं, तेव्हा ‘कडवी डावी विचारसरणी’ म्हणजे नेमकं कोण, यावरच वादाचा मोठा भाग झाला. शब्द कायद्यात शिरला की त्याची व्याख्या म्हणजे कुणाच्या तरी दारावरची थाप असते. म्हणून जेवणाच्या पानावर तो शब्द असा चटणीसारखा वाढू नये. दूरदर्शन संचावर ओरडणाऱ्यांनी तो गुळगुळीत करून टाकला, त्यात भाऊजींचा दोष थोडाच. ‘टुकडे टुकडे गँग’ हा शब्द किती वर्षं ऐकतोय आपण! पण २०२० च्या जानेवारीत माहिती अधिकारातल्या अर्जाला केंद्रीय गृहमंत्रालयानं उत्तर दिलं की अशा कुठल्या गँगची माहिती आमच्याकडे नाही. घराघरांत भांडणं लावणाऱ्या टोळीची सरकारी दप्तरात नोंदच नाही.

पुतण्याच्या बाजूचेही शब्द असेच स्वस्त झालेत. ‘फॅसिस्ट’ घ्या. आणीबाणीच्या आगेमागे इंदिरा गांधी जयप्रकाश नारायणांच्या आंदोलनाला फॅसिस्ट म्हणत होत्या आणि जयप्रकाशांची माणसं आणीबाणीला. एकच शब्द दोन्हीकडून सुटत होता आणि मध्ये येरवड्याच्या तुरुंगात समाजवादी आणि संघाचे लोक एकाच आवारात दिवस काढत होते. त्या तुरुंगातल्या अनेकांना पहिल्यांदाच कळलं असेल की पलीकडचा माणूससुद्धा सकाळी उठून दातच घासतो. लेकीच्या मैत्रिणीचा ‘मनुवादी’ हा त्याच जातीचा शब्द. ज्याचा खरा उपयोग जातीच्या अन्यायाचं बोट नेमकं दाखवायला व्हावा, तो वडाला सूत गुंडाळणाऱ्या बाईवर खर्च केला. मग खऱ्या जागी वापरायची वेळ येईल तेव्हा काय उरणार? वटपौर्णिमेबद्दल तिचा आक्षेप असू शकतो, सात जन्म तोच नवरा मागण्यावर मलाही आहे. पण तोही तिनं वाक्यात मांडावा.

आता लेकीचा प्रश्न. डावी की उजवी?

तिला सांगा, ही मुळात बसण्याच्या जागांची नावं. १७८९ साली फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत राजाला नकाराधिकार असावा असं म्हणणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, नसावा म्हणणारे डाव्या. एका सभागृहातली, एका प्रश्नावरची बैठक. ती आपण अंगात भिनवून घेतली. आपल्या लोकसभेत तर सरकार कुणाचंही असो, ते अध्यक्षांच्या उजवीकडेच बसतं. १९७७ साली जनता पक्षाचं सरकार आलं तेव्हा त्या उजव्या बाजूला समाजवादी मधु दंडवते रेल्वेमंत्री म्हणून बसले आणि जनसंघातून आलेले वाजपेयी परराष्ट्रमंत्री म्हणून. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर फोमची गादी आली ती दंडवत्यांच्या काळात. तुम्ही-आम्ही त्यावर बसून कैक वेळा मुंबई गाठली आणि कुणी विचारलं नाही की गादी डावी की उजवी. दोन वर्षांत ते सरकार गेलं, आणि त्यात ‘दुहेरी सदस्यत्व’ (जनता पक्षात असून संघातही असणं) म्हणजे तू मूळचा कुणाचा, हाच वाद मोठा होता, हेही लपवायचं कारण नाही. एका बाकावर बसल्यानं शिक्के पुसले जातात असं नाही.

कायदा तर याहून गमतीचा. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाप्रमाणे नोंदणी हवी असेल तर प्रत्येक पक्षाला आपल्या घटनेत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवर निष्ठा लिहून द्यावी लागते. म्हणजे कागदावर देशातला नोंदणीकृत पक्ष झाडून सगळा समाजवादी आणि सेक्युलर! भाजपच्या घटनेतही ते शब्द आहेत, आणि १९८० साली पक्ष स्थापन झाला तेव्हा त्यांनी स्वीकारला होता तो ‘गांधीवादी समाजवाद’. आता हे शब्द शिवीसारखे वापरणाऱ्याला हळूच विचारा, तुमच्या पक्षाच्या घटनेत काय लिहिलंय?

आणि तरीही लेकीला एक शब्द हवाच असेल, तर तिला शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना कुठल्या खणात ठेवशील विचारा. चाकणला कांद्यासाठी शेतकरी रस्त्यावर उतरवणारे, म्हणजे डावे? पण त्यांची मागणी होती की सरकारनं शेतकऱ्याच्या मानगुटीवरून उतरावं आणि बाजार खुला करावा, म्हणजे उजवे? १९८६ साली चांदवडला लाखोंच्या संख्येनं शेतकरी बायका जमवल्या, लक्ष्मीमुक्तीत नवऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली. म्हणजे स्त्रीवादी? आणि २०१० च्या मार्चमध्ये राज्यसभेत महिला आरक्षणाचं विधेयक १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं, तेव्हा विरोधातलं ते एकमेव मत शरद जोशींचं. चिठ्ठ्या टाकून, आळीपाळीनं मतदारसंघ राखीव करण्याच्या पद्धतीला त्यांचा विरोध होता. तो मला पटत नाही. पण मला ते मत कळतं, कारण त्यांनी ते वाक्यात मांडलं होतं. शिक्क्यावरून मात्र हा माणूस मला कधीच कळला नसता.

घरचंच सांगायचं तर माझे वडील शेकापचे, म्हणजे शेतकरी कामगार पक्षाचे. लाल बावटा खांद्यावर आणि तुळशीची माळ गळ्यात. आषाढीला पंढरपूर आणि निवडणुकीला पक्षाची सभा, दोन्हींना त्याच सायकलवरून जात. त्यांना कुणी विचारलं नाही डावे की उजवे. विचारलं असतं तर म्हणाले असते, “चहा घेणार का?”

तेव्हा लेकीला सांगा, कशाबद्दल ते विचार, मग सांगते. वडाबद्दल विचारलंस तर तो राहावा. शाळेबद्दल विचारलंस तर सरकारी शाळा टिकावी. (हे मी तुमच्या वतीनं धरून चालले, चुकलं असेल तर दुरुस्त करा.) अशी पाच-सहा वाक्यं जमली की तिला वाटलं तर तिनं त्यावर नाव चिकटवावं. तुम्ही ते स्वतःहून लावून घेऊ नका, आणि ‘मला राजकारणातलं काही कळत नाही’ असं म्हणून हात झटकूही नका. इतकी वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाईला राजकारण कळत नाही, यावर माझा विश्वास नाही.

आता कामाचं. पुतण्याला फोन करा. मेसेज नको, कुटुंबाच्या ग्रुपवर तर मुळीच नको, तिथे प्रत्येकाला प्रेक्षक मिळतात. फोनवर त्याची बाजू घेऊ नका, काकांची वकिलीही करू नका. ‘मनाला लावून घेऊ नकोस’ तर अजिबात म्हणू नका, त्याच्या मनाला लागलंय आणि लागण्यासारखंच होतं. त्याला म्हणा, तुझं वडाबद्दलचं म्हणणं गेल्या वर्षी अर्धवट राहिलं, मला ते पुरं ऐकायचंय. मग ऐका. पाच मिनिटांत तो पुन्हा “काकांसारखी माणसं…” वर येईल. तेव्हा म्हणायचं, “माणसांचं राहू दे, तू काय करावं म्हणतोस?” भाऊजींनाही हाच प्रश्न. त्यांना चहा देताना, एकटे असताना. “नक्षल तो असेल नसेल, पण तुम्हाला रस्ता तिथूनच का हवाय?” चार पुरुषांसमोर विचारलंत तर ते पुन्हा टीव्हीचं वाक्य बोलतील. माफी कुणाकडून मागू नका, ती मागायला लावली की दोघंही वकील होतात.

आणि दोघांना मिळून एक काम द्या. वड नगरपालिकेच्या हद्दीत असेल तर त्याला राज्याचा १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागतो. २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांच्या वरचं झाड आता हेरिटेज ट्री धरलं जातं, आणि तोडायचंच झालं तर झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावावी लागतात. वड दोनशे वर्षांचा निघाला तर दोनशे रोपं, आणि ती लावायची कुठे, हा प्रश्न रस्ता हवा असणाऱ्यालाही सोडवावा लागेल. वड हद्दीबाहेर असेल तर नियम वेगळे, ते पुतण्यानं शोधावेत. सांगली जिल्ह्यात भोसे गावचा चारशे वर्षांचा म्हणून सांगितला जाणारा वड २०२० साली महामार्गाच्या कामात जाणार होता. लोक उभे राहिले, राज्यात आणि केंद्रात एकमेकांविरुद्धच्या पक्षांची सरकारं होती, राज्याचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री आदित्य ठाकऱ्यांनी पत्र लिहिलं आणि केंद्रात रस्ते खातं सांभाळणाऱ्या गडकऱ्यांनी आराखडा बदलायला सांगितला. पुढे तो वड उन्मळून पडला, ती हळहळ वेगळी. पण त्या वेळी रस्ता थोडा सरकला होता, हे भाऊजींना जरूर सांगा. गडकऱ्यांचं नाव आधी घ्या.

तर आधी वय काढावं लागेल. बुंध्याचा घेर घेऊन त्यावरून अंदाज बांधतात. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, दुर्वा आणायच्या निमित्तानं, काका-पुतण्याला वेशीपाशी पाठवा आणि तुम्हीही जा. टेप नसली तरी चालेल, एका फेऱ्याला किती सूत लागतं ते गावात तुमच्याइतकं कुणाला माहीत आहे? एक टोक भाऊजींच्या हातात द्या.

– ताई